चाकांवरचा संसार : शॉवरमध्ये सामान ठेवताना

या खेपेला आलेल्या पत्रांत मोटरहोममधल्या, म्हणजे राहत्या गाडीतल्या, शॉवरबद्दलचीच पत्रं जास्त आहेत. म्हणून इतर प्रश्न बाजूला ठेवून एवढा एकच विषय घेते. नव्या वाचकांसाठी सांगते, मी गाड्यांच्या आतलं लाकूडकाम करते. त्यामुळे माझी उत्तरं थोडी सुताराच्या अंगाने जातील, ते चालवून घ्या.

प्रश्न : ताई, आमच्या मोटरहोमला स्वतंत्र शॉवर आहे, ६५ बाय ६५ सेंटिमीटरचा. आम्ही चौघं आहोत, आणि बहुतेक वेळा मुक्कामाच्या जागी जे न्हाणीघर असतं तिथेच आंघोळी उरकतो. त्यामुळे आमचा शॉवर मोकळाच राहायचा. हळूहळू त्यात घडीच्या खुर्च्या, बूट, मुलांचे पोहण्याचे कपडे, धुवायच्या कपड्यांची पिशवी असं सगळं जाऊन बसलं. आता दार उघडलं की सामान अंगावर येतं. आणि कधी गाडीतच आंघोळ करायची वेळ आली, तर सगळा पसारा पलंगावर काढावा लागतो. आत चांगले तीन-चार कप्पे मारून घ्यावेत का?

उत्तर : कप्पे मारू नका. निदान इतक्यात तरी नको.

६५ बाय ६५ चा चौकोन आणि उंची साधारण १९० सेंटिमीटर, म्हणजे ८०० लिटरची जागा झाली. तुमच्या गाडीत एवढी सलग मोकळी जागा दुसरीकडे कुठेही नसणार, तेव्हा ती भरायचा मोह होणारच. पण मला विचाराल तर तिथे किती मावतं हा प्रश्नच नाही. बाहेर धो धो पाऊस आहे, धाकटा चिखलात लोळून आलाय आणि त्याला इथेच न्हाऊ घालायचंय. अशा वेळी आतलं सामान कुठे जाणार? त्याचं उत्तर ‘पलंगावर’ असेल तर सामान जास्त आहे, किंवा सुटं सुटं आहे.

गाडी उभी असताना पुढच्या दोन सीट रिकाम्या असतात. शॉवरमधल्या सामानाची दुसरी जागा तीच ठरवून टाका, आणि शॉवर दोन खेपांत रिकामा झाला पाहिजे असा नियम करा. पहिल्या खेपेत खालचा क्रेट, दुसऱ्या खेपेत वर टांगलेलं सगळं. दोन खेपांत जे निघत नाही ते शॉवरमध्ये ठेवायचंच नाही. कप्पे मारलेत की हे जमत नाही. कप्प्यात वस्तू एकेक करून जाते आणि एकेक करूनच बाहेर येते.

क्रेट घेताना ट्रे, म्हणजे शॉवरचा उथळ तळ, मोजू नका, दार मोजा. ६५ चा ट्रे असला तरी घडीचं दार उघडल्यावर आत जायला बरेचदा ४५ सेंटिमीटरचीच वाट उरते. ट्रेच्या मापाचा सुंदर क्रेट आणायचा आणि तो दारातच अडायचा, हे मी फार घरांत, म्हणजे फार गाड्यांत, पाहिलंय. क्रेट प्लास्टिकचा आणि बाजूंना भोकं असलेला हवा. पुठ्ठ्याचं खोकं तिथे अजिबात नको, ते ओल धरतं आणि मागोमाग बुरशी येते.

आता आत काय ठेवायचं? अख्ख्या गाडीत ओलं आणि मळकं सामान बिनधास्त ठेवता येईल अशी जागा ही एकच आहे. खाली ट्रे, त्याला ड्रेन, भिंती पुसता येणाऱ्या आणि बहुतेक वेळा छताला झडप. मग तिथे कोरडी चादर कशाला ठेवायची? चिखलाचे बूट, रेनकोट, पोहण्याचे कपडे, धुवायची पिशवी, दाराशी टाकायची चटई यांची ती हक्काची जागा. अंथरूण, कागदपत्रं, विजेची उपकरणं आणि खाण्याचं सामान मात्र तिथे नको, कितीही जागा दिसत असली तरी. खुर्च्या हलक्या असतील तर चालतील, पण भिंतीला उभ्या लावून पट्ट्याने आवळलेल्या.

टांगण्यासाठी वर एक दांडी लावा. स्प्रिंगने ताणून बसणारी दांडी गाडीच्या थरथरीत हळूहळू खाली सरकते. घट्ट बसावी म्हणून जास्त ताणली तर पातळ भिंतीला फुगवटा येतो. म्हणून भिंतींना दोन बाजूंना छोट्या वाट्या पक्क्या करून त्यात दांडी बसवावी, उचलली की बाहेर येईल अशी. वळणावर सगळे हँगर एका टोकाला जाऊन गोळा होतात, त्यावर एक सोपी युक्ती आहे. दांडीलगत एक हलकी साखळी ताणून बांधा आणि हँगरचा आकडा दांडीऐवजी साखळीच्या कडीत अडकवा. मग हँगर आपली जागा सोडत नाही, आणि ओल्या कोटांमध्ये वारा खेळायला फट राहते. छताची झडप बोटभर उघडी ठेवा. तिथे हीटरची गरम हवा येणारी जाळी असेल तर तिच्यासमोर काही लावू नका. ती मोकळी राहिली तर रात्रीत रेनकोट वाळतो.

आता ट्रेबद्दल, कारण खरं नुकसान तिथेच होतं. बहुतेक ट्रे पातळ एबीएस प्लास्टिकचे असतात आणि खाली त्यांना सगळीकडे सारखा आधार नसतो. तळव्याने जागोजाग दाबून बघा. जिथे ‘टक्’ वाजतं किंवा किंचित खाली जातं तिथे खाली पोकळी आहे. खुर्चीच्या नळीचं टोक किंवा क्रेटचा कोपरा बरोबर तिथे टेकला आणि गाडी खड्ड्यातून गेली, की केसासारखी बारीक चीर पडते. ती दिसत नाही, पण आंघोळीचं पाणी तिला सापडतं आणि खालचं लाकूड कुजायला लागतं.

म्हणून ट्रेवर लाकडी फळ्यांची जाळी टाका. तयार जाळ्यांना खाली चार छोटे पाय असतात, म्हणजे सगळा भार चार ठिपक्यांवर. मी जाळीखाली लांब पट्ट्या देते. आता ट्रे सपाट नसतो, तो ड्रेनकडे उतरता असतो. त्यावर पट्टी आडवी, अगदी लेव्हलमध्ये ठेवली की खाली कमी-जास्त फट दिसते. फट जिथे सर्वांत जास्त, तेवढ्या उंचीचा एक लहान ठोकळा घ्यायचा, त्यावर पेन्सिल आडवी धरायची आणि ठोकळा ट्रेवरून सरकवत पेन्सिल पट्टीच्या अंगाला घासत न्यायची. ट्रेचा उतार जसाच्या तसा लाकडावर उमटतो. त्या रेषेपर्यंत रंधा मारला की पट्टी ट्रेवर पूर्ण लांबीभर टेकते. खाली रबराची पातळ पट्टी चिकटवायची, ड्रेनच्या वर हात जाईल एवढी जागा मोकळी सोडायची, आणि पाणी ड्रेनकडे वाहताना कुठे अडत नाही ना हे एक तांब्या ओतून बघायचं. मग सगळं लाकूड वॉटरप्रूफ तेलाने भिजवायचं. अर्ध्या दिवसाचं काम आहे, पण ट्रे वाचतो.

शेवटी दार. जोरात ब्रेक लागला की वस्तू आपल्या वजनाच्या पाऊणपटीहून जास्त जोराने पुढे रेटली जाते. १५ किलोचा क्रेट म्हणजे साधारण १२ किलोचा धक्का, आणि तो अडवायला शॉवरच्या दाराला असतो एक लोहचुंबक नाहीतर प्लास्टिकची कडी. तेव्हा दारावर भिस्त ठेवू नका. क्रेटवरून बकलचा पट्टा घ्या आणि तो चौकटीतल्या लाकडाला अडकवा. रबरी आकडेवाल्या दोऱ्या मला आवडत नाहीत. हात सुटला की आकडा थेट डोळ्याकडे येतो.

प्रश्न : आमच्याकडे टॉयलेट आणि शॉवर एकाच खोलीत आहे. आंघोळ झाली की टॉयलेट पेपरपासून ब्रशपर्यंत सगळं ओलं. बाटल्यांचं तर विचारूच नका, डोंगरावर गेलो की शॅम्पू आपोआप बाहेर! थोडी जागा आहे, तिचा उपयोग कसा करावा?

उत्तर : एका खोलीत दोन्ही असेल तर तिथे मोठं सामान ठेवायचा विचारच सोडा. रात्री कुणाला तरी उठावं लागतं, आणि अंधारात क्रेट हलवत बसायची ती वेळ नसते. टॉयलेटच्या झाकणावरही जड काही रचू नका, ते बसण्यासाठी असलं तरी प्रवासातले हादरे सोसण्यासाठी नसतं.

तुमच्या उपयोगाची जागा खांद्याच्या वर आहे. पाण्याचा मारा बहुतेक खांद्याखाली होतो, म्हणून त्याच्या वर, शॉवरच्या तोंडाच्या विरुद्ध भिंतीला, जाळीच्या खणांची एक टांगती पिशवी लावा. दोन आकड्यांवर अडकणारी, म्हणजे आंघोळीआधी एका हाताने काढून बाहेर दाराच्या मुठीला लावता येईल. टॉयलेट पेपर याच पिशवीत, पण चेनच्या प्लास्टिक थैलीत. पेपरसाठी भिंतीला झाकणवाली डबी मिळते, तिच्यावर माझा फारसा विश्वास नाही. झाकणाच्या कडेने पाणी जातंच.

बाटल्यांचं कारण साधं आहे. २,००० मीटर उंचीवर हवेचा दाब समुद्रसपाटीपेक्षा साधारण एक पंचमांशाने कमी असतो. अर्ध्या रिकाम्या बाटलीत खालची हवा कोंडलेली असते, ती वर गेल्यावर फुगते आणि शॅम्पूला बाहेर ढकलते. चढ लागण्याआधी बाटली थोडी दाबून आतली हवा काढा आणि मग झाकण लावा. पंपाच्या बाटल्या घरीच ठेवा. आणि बाटली झोपवू नका, उभीच ठेवा, मग निदान हवाच बाहेर पडेल.

प्रश्न : भिंतीला चोषक, म्हणजे दाबून चिकटणारे रबरी वाटीचे हुक, लावले, दोन दिवसांत पडले. चिकटपट्टीचे हुक लावले, तेही पडले. आता सरळ स्क्रू मारू का?

उत्तर : थांबा. चोषक गुळगुळीत काचेसाठी ठीक. शॉवरच्या भिंतीला बारीक खरखर असते, दिवसा गाडी तापते, रात्री गार होते, वर सतत थरथर. ते पडणारच.

चिकटपट्टी मात्र बहुधा पट्टीमुळे पडली नसेल. जाड फोमची ॲक्रिलिक चिकटपट्टी चांगली पकडते, पण तिला वेळ द्यावा लागतो. पूर्ण पकड यायला साधारण ७२ तास जातात, तोवर त्यावर काही टांगायचं नाही आणि आंघोळही नाही. लावण्याआधी भिंत आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. साबणाचा थर डोळ्यांना दिसत नाही, पण असतो. ॲसिटोन वापरू नका, एबीएस प्लास्टिक त्याने विरघळतं. गाडी थंडगार असताना पट्टी लावू नका. हुक भिंतीलगत चपटा असलेला घ्या. लांब नाकाच्या हुकाला वजन लावलं की पट्टी वरच्या कडेपासून सोलली जाते, आणि सोलण्यापुढे कुठलीच पट्टी फार टिकत नाही.

स्क्रू मारायचाच असेल तर आधी भिंत बोटाने वाजवत जा. बहुतेक भिंती म्हणजे काही मिलिमीटरचा पातळ पत्रा किंवा प्लाय, आत फोम किंवा पोकळी, आणि ठरावीक अंतरावर लाकडी पट्ट्या. आवाज भरीव येतो तिथे लाकूड. नुसत्या प्लायमध्ये मारलेला स्क्रू दांडीच्या वजनाने आठवड्याभरात हलायला लागतो. नळाच्या वर, खाली आणि आजूबाजूला भिंतीमागून पाइप गेलेले असू शकतात, तिथे ड्रिल नेऊच नका. त्या भिंतीच्या मागे काय आहे तेही बघा, दिव्याची वायर असू शकते. भोक पाडल्यावर त्यात न्यूट्रल सिलिकॉन भरा, मग स्क्रू फिरवा आणि बाहेर आलेलं पुसून काढा. एका न भरलेल्या भोकातून रोज थेंबभर पाणी आत गेलं तरी प्लायचे थर सुटतात. आणि ट्रेला, किंवा ट्रेची जी कड भिंतीवर चढते तिला, भोक पाडायचं नाही म्हणजे नाही.

प्रश्न : आमचा शॉवर गाडीच्या अगदी मागच्या टोकाला आहे. तिथे पिण्याच्या पाण्याचे दोन २० लिटरचे कॅन आणि जादाचा गॅस सिलिंडर ठेवतो. उभे छान राहतात. काही हरकत?

उत्तर : दोन्हींना हरकत आहे, आणि सिलिंडरला तर आजच.

सिलिंडरमधला स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो. त्यातला प्रोपेन साधारण दीडपट, ब्युटेन दुप्पट. गळला तर तो खाली बसतो. गाडीत सिलिंडरसाठी जो कप्पा असतो तो आतल्या जागेपासून बंद असतो आणि त्याच्या तळाला थेट बाहेर उघडणारी भोकं असतात, ती याच कारणासाठी. शॉवरच्या ड्रेनमधून गॅस बाहेर जाईल असं काहींना वाटतं. तो ड्रेन बाहेर उघडत नाही, सांडपाण्याच्या टाकीत जातो. म्हणजे गळलेला गॅस ट्रेमध्ये साचणार आणि तिथून फरशीभर पसरणार, जिथे तुम्ही झोपता. कप्प्यात दुसऱ्या सिलिंडरला जागा नसेल तर दुसरा सिलिंडर बाळगू नका.

पाण्याचं म्हणाल तर ४० लिटर म्हणजे ४० किलो, पण मागच्या ॲक्सलला, म्हणजे मागच्या चाकांच्या आसाला, ते नुसते ४० लागत नाहीत, जास्त लागतात. समजा तुमच्या दोन ॲक्सलमधलं अंतर ४ मीटर आहे आणि शॉवर मागच्या ॲक्सलच्या दीड मीटर मागे. तर मागच्या ॲक्सलवर भार वाढतो ४० गुणिले साडेपाच भागिले चार, म्हणजे ५५ किलो. वरचे १५ किलो पुढच्या चाकांवरून उचलले जातात, आणि स्टिअरिंगचं काम तर तीच चाकं करतात. गाडीच्या पाटीवर एकूण वजनाबरोबर प्रत्येक ॲक्सलची वेगळी मर्यादा लिहिलेली असते. एकूण वजन मर्यादेत आणि मागचा ॲक्सल मर्यादेबाहेर, असं सहज होतं. प्रवासाला निघताना असतं तेवढं सगळं भरून, माणसं बसवून, वजनकाट्यावर जा आणि दोन्ही ॲक्सल वेगवेगळे तोलून घ्या. कॅन दोन ॲक्सलच्या मध्ये, जमिनीलगत कुठेतरी न्या. मागच्या टोकाच्या शॉवरमध्ये रेनकोट आणि चपला एवढंच ठेवा.

प्रश्न : कुणीही आंघोळ केलेली नसताना प्रवासानंतर शॉवरमधल्या क्रेटचा तळ ओला असतो. वासही येतो. छत गळतं का?

उत्तर : वास येतो म्हणता, तेव्हा छत नाही. शॉवरचा ड्रेन हा गाडीतला सर्वांत खालचा ड्रेन. सांडपाण्याची टाकी भरत आलेली असली की ब्रेक लागताच किंवा चढावर पाणी उसळून तिथूनच वर येतं. निघण्याआधी टाकी रिकामी करा आणि ड्रेनला बूच लावा. ड्रेनच्या वळणात थोडं पाणी राहून वास अडवायचं असतं, पण ते हादऱ्यांनी सांडतं किंवा न वापरता सुकतं, म्हणूनही वास येतो. बूच दोन्हींवर चालतं. क्रेट ठेवताना ते हाताला लागेल असं बघा, आणि आंघोळीआधी काढायला विसरू नका.

प्रश्न : आम्ही दोघंच, शॉवर कधीच वापरत नाही. तो काढून टाकून कायमचं कपाट करायचं ठरवलंय. सुताराला काय सांगू?

उत्तर : ठरवलंच आहे तर करा, पण काढू काही नका. ट्रे, नळ, ड्रेन सगळं जागेवर राहू दे आणि कपाट त्याच्या आत वेगळं उभं करा. गाडी विकताना घेणारा शॉवर मागणारच. आणि एकाचा पाय मोडला की ‘कधीच’ हा शब्द बदलतो.

सुताराला सांगा, चार उभे खांब, वर आणि खाली आडव्या पट्ट्यांनी बांधलेले, ट्रेवरच्या जाळीवर उभे, आणि वरच्या बाजूला फक्त दोन बोल्टने भिंतीतल्या लाकडाला धरलेले. कप्पे हलक्या प्लायचे, ९ मिलिमीटरचे पुरेत, पुढे चार बोटं उंच काठ असलेले. सबंध फळीऐवजी पट्ट्यांचे असतील तर आणखी बरं, हवा वरपर्यंत जाते. मागच्या भिंतीपासून दोन सेंटिमीटर फट सोडायला सांगा, थंडीत त्या भिंतीला आतून पाणी सुटतं. जड सामान सर्वांत खाली, पण ‘जड’ म्हणजे कपडे आणि बूट, डबे नव्हेत.

नळासमोर मात्र फळी नको. पाणी गोठताना साधारण ९ टक्क्यांनी फुगतं, आणि शॉवरच्या नळात अडकलेलं थोडंसं पाणी तो फोडायला पुरतं. कडाक्याच्या थंडीआधी सगळ्या टाक्या आणि पाइप रिकामे करताना शॉवरचा नळ गरम आणि गारच्या मध्ये उघडा ठेवून त्याची नळी खाली ट्रेमध्ये सोडावी लागते. शॉवर वापरत नसलात तरी पाइपमध्ये पाणी असतंच. त्या उंचीवर हात कोपरापर्यंत जाईल एवढी चौकट उघडी ठेवायला सांगा, आणि नळी खाली सोडायला कप्प्यांच्या एका कोपऱ्यात वरून खालपर्यंत खाच.